ग्लीन म्हणजे सरवा वेचणे

मी तेव्हा चौलच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे पुस्तकातली ओळ मी मोठ्याने वाचायचो आणि माझ्यामागून पोरं त्याहून मोठ्याने ओरडायची. शाळेबाहेरच्या नारळीच्या वाडीतले माळी वैतागायचे. इंग्रजी या भाषेचा मला मनापासून राग होता आणि पोट तिच्यावरच चालत होतं. लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, ही तिची खोड मला कधी पटली नाही. पण एका धड्यात एक क्रियापद आलं आणि त्याच्याशी मात्र माझं पहिल्या दिवसापासून जमलं. ते क्रियापद म्हणजे ग्लीन.

मुंबईहून आणलेला एक जुना शब्दकोश माझ्याकडे होता. त्यात लिहिलं होतं की कापणी करणाऱ्यांच्या मागे शेतात राहिलेलं धान्य वेचणे म्हणजे ग्लीन करणे. वाचून मला हसूच आलं. एवढी मोठी भाषा, एवढं मोठं राज्य, आणि आमच्या खाऱ्या शेतातल्या सरव्याला तिच्यात स्वतंत्र शब्द! मी फळ्यावर लिहिलं, ‘ग्लीन म्हणजे सरवा वेचणे’. शेतकऱ्यांची पोरं लगेच समजली. दुकानदारांच्या दोन पोरांना सरवा म्हणजे काय ते बाकीच्यांनी सांगितलं.

खाली शब्दकोशात दुसरा अर्थही होता. बातमी, माहिती, कुणाच्या तोंडून थोडी, कुणाच्या तोंडून थोडी, कष्टाने गोळा करणे, यालाही इंग्रज ग्लीनच म्हणतात. किंबहुना शेतातला अर्थ आता तिकडे मागे पडला असून हा दुसराच जास्त चालतो, असं दिसत होतं. कारण मुंबईहून येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रात मला तो शब्द दोन-तीनदा भेटला आणि त्यात धान्याचा दाणाही नव्हता. अमक्या साहेबाने तमक्या कचेरीतून ग्लीन केलेली बातमी, असला प्रकार. शेतातल्या शब्दाला त्यांनी कोट घालून कचेरीत बसवलं होतं. आपल्याकडे सरवा शेतातच राहिला.

दोन्ही अर्थ वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभं राहिलं, ती माझी धाकटी बहीण. तिच्यासाठीच हे लिहितो आहे.

आमचं गाव चौलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खाडीच्या कडेला. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. बांध आहे तोवर आम्ही शेतकरी, बांध गेला की आम्ही कुणीच नाही. वडील, म्हणजे आमचे बा, घरातल्या माणसांपेक्षा बांधाशी जास्त बोलायचे, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

बहिणीला बोर्ली पंचतनच्या बाजूला दिली होती. सासरही शेतकरीच. तिचा नवरा तापाने गेला तेव्हा मुलगा तिच्या कडेवर होता. आमच्या जातीत विधवेला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं लग्न करता येतं. ती तरुण होती, आज ना उद्या दुसऱ्या घरी जाणार आणि पोर परक्याच्या दारात वाढणार, या भीतीने सासूने मुलाला सोडलं नाही. पंच बसले. पोर सासरी राहील, आईने माहेरी जावं, आणि वर्षातून एकदा, भातं झाली की येऊन पोराला भेटावं, असं ठरलं. बहिणीने तिथेच सांगितलं की मी पाट लावणार नाही. ते कुणी खरं मानलं नाही. ती मात्र शेवटपर्यंत एकटीच राहिली.

पहिल्या वर्षी ती कार्तिकातच, कापणी सरता सरता भेटायला निघाली तेव्हा आमच्या आईने घरच्या भाताचे पोहे कांडून दिले. मचव्याने, म्हणजे शिडाच्या होडीने, दिघीला उतरून ती पायी बोर्लीला गेली. सासूने पोह्यांचं गाठोडं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाली, “तुझ्या बापाच्या घरचं भात माज्या नातवाला नको. आज खायला घालतील, उद्या पोरावर हक्क सांगतील.” बहिणीला पोर दाखवलं, जवळ घेऊ दिलं, पण गाठोडं तसंच परत आलं. आईने मुलाच्या तोंडात काही घालायचं नाही, एवढं एकच दुःख ती घेऊन आली होती. 

आल्यापासून तिसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन सरव्याला गेली.

आमच्या गावात सरव्याचा रिवाज असा होता. शेतातला शेवटचा भारा खळ्यावर आला की मालक खळ्यात नारळ फोडायचा. तोवर पडलेल्या लोंबीला कुणी हात लावायचा नाही. नारळ फुटला की सरवा मोकळा. त्यानंतर मालकाने स्वतःच्या शेतातली एक लोंबीही उचलायची नाही. कातकरणी, विधवा, ज्यांना शेत नाही अशा बाया येणार आणि वेचणार. जी वेचेल तिचं ते भात. ते कुणी मोजायचं नाही, कुठे नेतेस म्हणून विचारायचं नाही. ते कुणाच्या घरचं नसतं.

बाला हे फार लागलं. घरात कणगी भरलेली आणि पोरगी कातकरणींच्या रांगेत वाकून लोंब्या वेचते, गाव काय म्हणेल? ते तिला म्हणाले, “माज्या तोंडाला काळं फासतेस काय?”

ती म्हणाली, “बा, कणगीतलं भात तुमचं हाय. माजं काय हाय? सरवाच माजा.”

पुढच्या वर्षी तिने वेचलेल्या भाताचे पोहे केले. बोर्लीच्या उंबऱ्यावर गाठोडं ठेवून सासूला सांगितलं, “ह्ये कुणाच्या घरचं न्हाय. मी वेचलेलं हाय.” सासूही भात लावलेली, भात कापलेली बाई. सरव्याला नाही म्हणणं तिच्याने झालं नाही. गाठोडं आत गेलं. मुलाने आईच्या मांडीवर बसून गूळ-पोहे खाल्ले. त्या वर्षी परत आली तेव्हा बहीण गाणं म्हणत घरात शिरली, आणि तिला गाता येतं हे मला पहिल्यांदा कळलं.

मग दरवर्षी तेच. कार्तिकात सरवा, मार्गशीर्षात कांडण, पौषात बोर्ली. लहान दाण्याचं, कुठे चिखल लागलेलं, कुठे पाखरांनी अर्धं खाल्लेलं ते भात ती असं निवडायची की आमच्या कणगीतलं भात त्यापुढे ओशाळं वाटावं. वर्षाचे बाकीचे महिने ती बातम्या वेचायची. बंदरावर मचव्याचा एक तांडेल यायचा. कोकणी मुसलमान, वयाने आमच्या बाएवढा, दिघीवरून कौलं आणि सुपारी घेऊन मुंबईला जायचा आणि वाटेत आमच्याकडे थांबायचा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्याचं घर बोर्लीच्या वाटेवर होतं. त्याचा मचवा दिसला की बहीण हातातलं काम टाकून धक्क्यावर जायची.

“चाचा, पोर दिसला काय?”

“दिसला, बाय. खुशाल हाय.”

एवढ्यावर ती सोडायची नाही. कुठे दिसला, अंगात काय होतं, कुणाबरोबर होता, खोकत तर नव्हता. चाचा बिचारा आठवून आठवून सांगायचा. पुढचा दात पडलाय. शाळेत घातलाय. चिंचेवरून पडला, पण लागलं नाही. मासळी विकायला येणाऱ्या बाईकडून एखादी गोष्ट, बोर्लीच्या बाजाराला जाऊन आलेल्या व्यापाऱ्याकडून आणखी एखादी. संध्याकाळी चुलीपुढे बसून ती सगळं जुळवायची आणि आम्हाला मुलगा सांगायची. वर्षातून एकदा भेटणारा तो पोर आमच्या घरात रोज असायचा तो असा.

म्हणून त्या क्रियापदाची गंमत मी तिला सांगितली. म्हटलं, “बाय, इंग्रजीत सरवा वेचण्याला एक शब्द हाय. आणि तू चाचाकडून बातम्या काढतेस ना, त्यालाबी तोच शब्द हाय.”

तांदूळ पाखडता पाखडता तिने सूप थांबवलं. म्हणाली, “मग तिकडंबी कुनी बाई आसंल माज्यावानी. त्याबिगर शब्द कशाला झाला असता?”

भाषेबद्दल याहून शहाणं काही मी कुठल्या साहेबाच्या पुस्तकात वाचलं नाही.

मुलगा आठ वर्षांचा झाला त्या साली बांध गेला. भादव्यातल्या अवसेचं उधाण, वर वारा. भरतीचं पाणी बांधाच्या माथ्याला लागलं आणि मधेच बांधाला खांड पडली. सारा गाव चिखलात उभा राहिला. पेंढा, माती, दारं, जे हाताला येईल ते खांडीत टाकलं. मीही होतो. मास्तराच्या हाताला चिखलाची सवय राहिलेली नसते. बा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बांधाला शिव्या देत होते आणि रडत होते, दोन्ही एकाच वेळी. खांड बुजेना. उधाण सरलं तेव्हा कुठे बुजली. तोवर खारं पाणी शेतात भरती-ओहोटी खेळलं होतं. निसवू लागलेलं भात उभ्या जागी पिवळं पडलं, मग काळं. कार्तिकात शेतावर मिठाची पांढरी साय धरली होती. कापायला काही नव्हतं. म्हणजे सरवाही नव्हता.

आम्ही उपाशी राहिलो नाही. जुनं भात होतं, माझा पगार होता. आई म्हणाली, जुन्याचेच पोहे करते. बहीण म्हणाली, नको. मी तिला समजावलं. म्हटलं, तशीच जा, आई म्हणून जा.

“रिकाम्या हातानं आई जाते काय, दादा?”

“मग घरचे पोहे ने. सरव्याचे म्हणून सांग. कोण बघायला आलंय?”

ती म्हणाली, “पोराच्या तोंडात खोटं घालू?”

मला तिचा राग आला. आजही येतो. आणि तिचं बरोबर होतं असंही वाटतं. या दोन्हींचं माझ्या मनात आजवर जमलेलं नाही.

मग बाने एक गोष्ट केली. बैलांना पेंढा आणतो म्हणून ते आमच्या मामाच्या गावी गेले. ते गाव डोंगराच्या अंगाला, खाडीपासून लांब, तिथे भात पिकलं होतं. गाडीभर पेंढा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाने आमच्या रिकाम्या खळ्यात नारळ फोडला. खळ्यावर एक काडी नाही आणि म्हातारा नारळ फोडतोय. शेजारी एकमेकांकडे बघू लागले. बा बहिणीला म्हणाले, “जा, शेतात बघून ये. थोडं काय तरी आसंल.”

शाळेला सुट्टी होती. मी तिच्याबरोबर गेलो. बांधावरून बघितलं तर पांढऱ्या पडलेल्या शेतात खरोखरच लोंब्या पडल्या होत्या. पिवळ्या, भरलेल्या, कोरड्या. तिने टोपली खाली ठेवली आणि पहिली लोंबी उचलली. मग तिथेच उभी राहिली आणि सगळ्या शेतावरून तिने नजर फिरवली. माझ्याही तेव्हा लक्षात आलं. कापणीत गळलेलं भात कुठे चार लोंब्या, कुठे काहीच नाही, असं पडतं. हे सगळीकडे सारखं पडलेलं होतं. बाच्या हाताला जन्मभर पेरायचीच सवय. मामाकडून पेंढ्यात लपवून आणलेल्या लोंब्या त्यांनी पहाटे शेतात टाकल्या होत्या, आणि टाकताना त्या पेरल्या होत्या.

 सगळ्या लोंब्या तिने वेचल्या, एकही ठेवली नाही. घरी आली आणि अंगणात बसलेल्या बापुढे टोपली ठेवून म्हणाली, “बा, तुमचं भात शेतात राह्यलं व्हतं.”

बाने टोपलीकडे बघितलंही नाही. त्यांचा चेहरा मला अजून बघवत नाही.

पौषात ती गेली नाही. चाचा आला तेव्हा त्याने सांगितलं की पोर विचारत होता, आई कधी येणार म्हणून. बहिणीने निरोप दिला, “त्याला सांगा, औंदा शेतात सरवा न्हाय. पुढल्या साली दुप्पट पोहे आणते.” मग तिने नेहमीसारखं सगळं विचारून घेतलं. उंची किती झाली ते चाचाने हात धरून दाखवलं. घरी आल्यावर तिने तेवढ्या उंचीवर भिंतीला चुन्याची बोटं ओढली.

वैशाखानंतर मचवे किनाऱ्यावर ओढले जातात आणि समुद्र बंद होतो. त्या दिवसांत तिच्याकडे बातमी नसायची. ती जुन्याच बातम्या पुन्हा पुन्हा सांगायची, आणि आम्ही नव्या असल्यासारख्या ऐकायचो. शेतातलं मीठ पावसाने धुतलं जात होतं. बा रोज चिखल बोटाने चाखून बघायचे. श्रावणात त्यांनी तिला सांगितलं, “औंदा भात व्हईल गो बाय.” ती त्या दिवशी खूप हसली.

नारळी पुनवेनंतर चाचाचा मचवा पहिल्यांदा आला. मी शाळेतून येत होतो, तीही धक्क्यावर पोचली होती. चाचा मचव्यातून उतरला, पण आमच्याकडे येईना. दोरखंड बांधत राहिला. बांधलेला सोडून पुन्हा बांधला.

“चाचा, पोर दिसला काय?”

चाचाने डोक्यावरची टोपी हातात घेतली. “बाय,” तो म्हणाला, “तुझा पोर अल्लाकडं गेला. आषाढात. ताप आला. चार दिवसांत गेला.”

आषाढात. म्हणजे बा चिखल चाखत होते तेव्हा. आम्ही चुलीपुढे बसून त्याच्या पडलेल्या दाताची गोष्ट ऐकत होतो तेव्हा. सासरच्यांनी माणूस पाठवला नव्हता. भर पावसात, फुगलेल्या खाड्या ओलांडून कोण येणार, असं त्यांना वाटलं असेल. मला त्यांना दोष द्यावासा वाटतो, पण देऊन काय करू?

बहीण रडली नाही. तिने विचारलं, “कुठं व्हता? घरात व्हता काय? कोन बसलं व्हतं त्याच्यापाशी?”

चाचा म्हणाला, आजी बसली होती. तिने चारही दिवस त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. “बस, बाय. जास्त नको विचारूस.”

“न्हाय चाचा. हाय तेवढं सगळं सांगा. काय टाकू नका.”

मी तिचा हात धरला, घरी चल म्हटलं. तिने हात सोडवला. मला वाटत होतं की चाचाने आता थांबावं. ती मात्र नेहमीसारखीच विचारत राहिली. काय खाल्लं, पाणी मागितलं का, अंगावर काय होतं. आणि चाचा, डोळे पुसत, एक एक सांगत राहिला. तिच्या ओंजळीत आता हेच पडायचं होतं आणि त्यातलंही तिला काही सोडायचं नव्हतं.

शेवटी तिने विचारलं, “तुमाला शेवटी कवा भेटलेला?”

“वैशाखात. माझी शेवटची खेप होती. तुझा निरोप मी त्याला पौषातच दिला होता. त्यावर वैशाखात भेटला तेव्हा त्यानं मला एक सांगितलं. पण माल थेट मुंबईचा होता, मचवा इथं लागलाच नाही. म्हटलं, पुनव झाली की सांगू.”

“काय सांगितलं?”

चाचा माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवून नको म्हटलं. तिने ते पाहिलं. “दादाकडं बघू नका,” ती म्हणाली. “कसं म्हनाला, तसंच सांगा.”

“म्हणाला, आयेला सांग, पोहे नसले तरी चालतील. मला पोहे आवडत न्हाईत. तू नुसती ये.”

तिने ते चाचाकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग ती घराकडे वळली. सगळ्या वाटेवर ती माझ्यापुढे चालत होती.

हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षं शिकवत आलो आहे. पहिला अर्थ सांगतो, फळ्यावर लिहितो. दुसरा अर्थ पोरांना शब्दकोशात बघायला सांगतो. तो माझ्या तोंडून निघत नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा बा अंगणात टोपली विणत बसले होते. धक्क्यावरची बातमी त्यांना अजून कळली नव्हती. त्या साली भात उभं होतं, सरवा चांगला पडणार होता, म्हणून ते तिच्यासाठी नवी टोपली विणत होते. बहीण त्यांच्यासमोर खाली बसली.

“बा,” ती म्हणाली, “तुमी टाकलेलं भात मी घिऊन जायला पायजे व्हतं.”

बाच्या हातातली कामटी तशीच राहिली. ती टोपली कुणी पुरी केली नाही.